एका अंगात किती जणी

करुणा गवई अडतीस वर्षांची झाली तेव्हा अकोल्यातल्या लोकांनी तिचं दोनदा अभिनंदन केलं. एकदा वाढदिवसाचं आणि एकदा, ती बॉक्सिंगमधून निवृत्त होतेय असं समजून. दुसऱ्या अभिनंदनाला तिने "थँक्यू" म्हटलं आणि त्याच आठवड्यात आशियाई स्पर्धेच्या निवड चाचणीसाठी नाव नोंदवलं. चाळिशीपर्यंतच खेळता येतं, म्हणजे ही शेवटची संधी. आजवर ती भारतीय संघाबरोबर सहा देश फिरून आली होती, पण एकाही देशात तिने स्वतःच्या नावाने एकही लढत खेळली नव्हती. ती संघाची सराव-जोडीदार होती. सोप्या शब्दांत सांगायचं तर मार खायला नेलेली बाई.

तिच्या या कामाची सुरुवात तायडे सरांच्या आखाड्यात झाली. आखाडा म्हणायचं, पण होती ती टिनाची शेड, आत एक रिंग आणि छताला टांगलेल्या चार बॅगा. जिल्ह्याबाहेरच्या खेळाडू सरावाला मिळायच्या नाहीत म्हणून सरांनी दर शनिवारी 'उलटी फेरी' सुरू केली. त्या फेरीत प्रत्येक मुलीने दुसऱ्या कोणाची तरी ढब घेऊन खेळायचं. बाकीच्यांनी खाली बसून ओळखायचं, ही कोण. गंमत अशी की नाव ठोसा पडायच्या आधी ओळखायचं असे. ठोसा पडला आणि मग कोणी नाव घेतलं तर सर म्हणत, "आता तं आंधळाही सांगन." त्यामुळे आखाड्यातल्या मुली हातांची नक्कल करत नसत, पायाच्या अंगठ्यापासून सुरुवात करत. वजन कोणत्या पायावर ठेवायचं, श्वास कुठे अडवायचा, खांदा किती ढिला सोडायचा. करुणा रिंगमध्ये चढून नुसती उभी राहिली तरी पोरी ओरडायच्या, "शबनम! शबनम हाये वं थे!" आणि खरी शबनम लाजून तोंड लपवायची.

राष्ट्रीय शिबिरातल्या कोणाच्या तरी नजरेत हे आलं आणि करुणाला पुण्याला बोलावणं आलं. उझबेक मुलीशी लढत असली की करुणा चार दिवस उझबेक व्हायची, आयरिश मुलीशी असली की आयरिश. भारताच्या कितीतरी पदकांमागे तिच्या बरगड्या होत्या. हे कोणी छापलं नाही, पण ज्यांनी पदकं आणली त्या सगळ्या तिच्या पाया पडायच्या, आणि करुणाला ते पुरत असे. निदान ती तसं म्हणत असे.

मग गुणगुणी आली.

तिचं कागदावरचं नाव 'पूर्ववेध यंत्रणा', पण मुलींनी पहिल्याच आठवड्यात तिला गुणगुणी म्हणायला सुरुवात केली. त्यामागचं विज्ञान तसं सरळ होतं. ठोसा मुठीत सुरू होत नाही. मूठ हलायच्या आधी पुढच्या पायावर भार येतो, कमरेचा एक स्नायू सैल पडतो, पाठीतलं खांद्याचं पातं किंचित मागे ओढलं जातं. हे सगळं पापणी लवायच्या आत होऊन जातं. माणसाच्या डोळ्याला ते दिसतं, पण दिसून मेंदूने हुकूम सोडेपर्यंत ठोसा येऊन पोचलेला असतो. रिंगच्या चार खांबांवरच्या जलद कॅमेऱ्यांना मात्र ते वेळेवर दिसतं. प्रत्येक खेळाडूच्या जुन्या लढती दाखवून यंत्राला तिच्या या पूर्वखुणा शिकवलेल्या असतात. मग लढतीत यंत्र ओळखतं, आता उजवा येतोय, आणि समोरच्या खेळाडूच्या हेडगार्डमध्ये उजव्या कानामागे बारीकशी गुणगुण होते. सरावलेली मुलगी त्या गुणगुणीसरशी डोकं बाजूला घेते. मिळतो तो एवढासा क्षण, पण बॉक्सिंगमध्ये सगळं त्या एवढ्याशा क्षणातच घडत असतं.

संघटनेने यंत्रणेला मान्यता दिली. लढणाऱ्या दोघींनाही ती वापरायची मुभा असल्यामुळे अन्याय कोणावरच नव्हता. शिवाय त्याच यंत्राला परदेशी मुलींच्या लढती दाखवल्या की ते सरावाच्या पडद्यावर त्यांची हुबेहूब सावली उभी करी. साहजिकच सराव-जोडीदाराची जागा रद्द झाली. करुणाला शाल आणि नारळ देऊन अकोल्याला पाठवण्यात आलं. तिला राग आला नाही, पण नारळ तिने कितीतरी दिवस फोडला नाही.

गुणगुणीवर सगळ्यात सुंदर खेळायची ती आर्वी मोहोड. एकवीस वर्षांची, राष्ट्रीय विजेती, वर्तमानपत्रांची लाडकी. ही आर्वी बारा वर्षांची असताना याच टिनाच्या शेडमध्ये आली होती, आणि पाच वर्षं, शिबिर नसेल तेव्हा, तिच्यापुढे पॅड धरून उभी राहिली ती करुणाच. चाचणीच्या याद्या लागल्या त्या संध्याकाळी आर्वीचा फोन आला.

"ताई, तुमी कायले उतरून राह्यल्या वं?"

"काऊन? माह्यं वजन बसते ना चोपन्न किलोत."

"तसं नाई ना. फायनलले आपण दोघीच आलो तं?" आर्वी अडखळली. "मले तुमाले मारावं लागन."

हे ती अगदी कळवळून बोलली, आणि म्हणूनच करुणाला ते जास्त झोंबलं. मुलगी उद्धटपणे बोलली असती तर करुणाने दोन शब्द सुनावले असते. पण आर्वीला खरोखरच तिची काळजी वाटत होती. म्हातारं माणूस जिना चढायला निघालं की आपल्याला वाटते, तशी.

"मारजो," करुणा म्हणाली. "मी काय नवीन खाऊन राह्यली का मार?"

फोन ठेवल्यावर मात्र तिने तायडे सरांना विचारलं, "सर, चुकलं का माह्यं?"

सर आता सत्तरीकडे झुकले होते. खुर्चीत बसूनच शिकवायचे. ते म्हणाले, "चुकलं का बरोबर हाये थे मले नाई मालूम. पण तुले एकडाव तरी देशासाठी तुह्या नावानं खेळतानी पाह्याचं हाये मले. मंग डोळे मिटले तरी चालते."

"असं अभद्र नका बोलू बाप्पा."

"मंग जिंकून ये."

जिंकायचं कसं, हे मात्र दोघांनाही ठाऊक नव्हतं. ते कळलं ते एका शनिवारी, आणि तेही थट्टेथट्टेत.

आखाड्यात सरावासाठी गुणगुणीचा एक लहान संच आला होता. सोनल नावाच्या चुणचुणीत मुलीने तो डोक्यावर चढवला आणि करुणाच्या जुन्या लढती त्यात भरून तिच्याशी दोन हात करायला उभी राहिली. पहिल्या मिनिटात करुणाचा एकही ठोसा लागला नाही. यंत्राला तिचं हाडन्‌हाड ठाऊक होतं. खाली बसलेल्या मुली कंटाळल्या. एक ओरडली, "ताई, उलटी फेरी होऊ द्या ना!"

करुणाने हसत शबनमची ढब घेतली. डावखुरी शबनम, जी ठोसा मारायच्या आधी अंगातली सगळी हवा सोडून देते. दुसऱ्याच क्षणी सोनलच्या नाकावर डावा बसला. मग करुणाने आखाड्यातल्याच पल्लवीची ढब घेतली, तिचाही ठोसा बसला. सोनल हेडगार्ड काढून बघायला लागली. "सर, हे बिघडलं."

सर खुर्चीतून हळूच उठले. "बिघडलं नाई," ते म्हणाले. "थे इचारून राह्यलं, ही कोण म्हणून."

त्या दिवशी करुणाने पुण्याला डॉ. ऋजुता पारसनीस यांना फोन लावला. यंत्रणा बनवणाऱ्यांतल्या त्या एक, शिबिरात करुणाच्या शेजारच्या टेबलावर जेवणाऱ्या. आपण काही लबाडी तर करत नाही ना, हे करुणाला आधी जाणून घ्यायचं होतं.

ऋजुता बराच वेळ हसत राहिल्या. मग म्हणाल्या, "करुणाताई, ही चूक आमचीच आहे. शिबिरात तुमचं कितीतरी चित्रण झालं. पण तुम्ही त्यात उझबेक झाला असाल तर आम्ही ते उझबेक मुलीच्या नावावर टाकलं, आयरिश झाला असाल तर आयरिशच्या. तुमच्या नावावर काय उरलं? तुमच्या तरुणपणातल्या मोजक्या लढती. यंत्राला जी करुणा माहीत आहे ती फार जुनी आहे."

"म्हणजे मॅडम, नुसती ढब बदलली तरी यंत्र फसते?"

"कोणीही बदलली तरी नाही फसत. बहुतेकजणी हात बदलतात, पाय तेच राहतात. तुम्ही खालपासून बदलता, हे मी दुसऱ्या कोणात पाहिलेलं नाही. पण एक लक्षात घ्या. एकच ढब अर्धं-पाऊण मिनिट दिसत राहिली तर यंत्र ती शिकून घेतं. आणि दमलेलं माणूस आपोआप आपल्या मूळ सवयीवर येतं. तिसऱ्या फेरीत तुम्ही तुम्हीच व्हाल, तेव्हा ते तुम्हाला पकडेल."

"हे तुमी आर्वीच्या कोचले सांगसान ना?"

"त्यांनी विचारलं तर सांगावंच लागेल. मी दोघींचीही आहे."

"सांगा ना मंग. लपवून जिंकाचं नाई मले."

ऋजुता वाट पाहत राहिल्या. पण कोणी विचारलंच नाही. अडतीस वर्षांच्या बाईबद्दल विचारण्यासारखं काय असतं?

करुणा चाचणीसाठी पुण्याला निघण्याआधी एक एक करून आखाड्यातल्या तिघी जुन्या मैत्रिणींना भेटून आली. शबनम शेख मूर्तिजापूर डेपोत एसटी चालवत होती. पल्लवी डोंगरे बार्शिटाकळीच्या शाळेत शिकवत होती. रजनी खंडारेने बाळापुरात पिठाची गिरणी टाकली होती. तिघींनीही हातमोजे कधीच टांगून ठेवले होते. करुणाने प्रत्येकीला एकच विनंती केली, "एकडाव उभी राह्य माह्यासमोर. पाहू दे." रजनी पीठ झटकत गिरणीच्या दारात उभी राहिली आणि गार्ड घेतला. दळण घेऊन आलेल्या बायका पाहतच राहिल्या. उंच रजनीचा तो मागच्या टाचेवर रेललेला डौल अजून तसाच होता. करुणाला भरून आलं. या पोरींनी कधी पदक मिळवलं नाही, कधी नाव कमावलं नाही, आणि तरी प्रत्येकीजवळ जगात दुसऱ्या कोणापाशी नसलेलं काहीतरी होतं. ते त्यांनी तिला फुकट दिलं होतं, शनिवारी संध्याकाळी, हसता हसता.

चाचणीच्या अंतिम लढतीत त्या दोघीच आल्या. लाल कोपऱ्यात आर्वी, निळ्या कोपऱ्यात करुणा. करुणाने गुणगुणी लावली नव्हती. पंचांनी कारण विचारलं तर म्हणाली, "मले कानामांगून कोणी बोललेलं चालत नाई. माह्या नवऱ्यालेही मालूम हाये." पंच हसले. प्रेक्षकही फारसे गंभीर नव्हते. समालोचक तिला 'अनुभवी' म्हणत होता, आणि खेळात तो शब्द कधी वापरतात हे सगळ्यांना माहीत असतं.

घंटा झाली तशी करुणा पल्लवी झाली. बुटकी पल्लवी, गुडघ्यात वाकून पोटात शिरणारी. आर्वीच्या कानामागे काहीच वाजलं नाही, आणि दोन ठोसे तिच्या बरगडीत बसले. ती चमकली. तिने अंतर घेतलं. तोवर समोर डावखुरी शबनम उभी होती. आता कानामागे वाजलं, पण उजवीकडे, आणि ठोसा आला डावीकडून. आर्वी सावरतेय तोच समोरची बाई टाचेवर रेलून लांबून जॅब टाकायला लागली. यंत्र शिकत होतं आणि प्रत्येक वेळी त्याचा धडा शिळा होत होता. पहिली फेरी करुणाची झाली. समालोचक गप्प झाला, मग नको इतकं बोलायला लागला.

दुसऱ्या फेरीत आर्वी शहाणी झाली. ती थांबायला लागली, यंत्राला शिकायला वेळ देऊ लागली. आणि करुणाचे पाय जड झाले. रजनी घ्यायला टाच उचलावी तर पोटरी थरथरत होती. पल्लवी घ्यायला वाकावं तर दम पुरत नव्हता. उसनी अंगं एक एक करून गळून पडली आणि खाली राहिली ती दमलेली करुणा, यंत्राच्या चांगल्याच ओळखीची. आर्वीच्या कानामागे आता बिनचूक गुणगुणायला लागलं. करुणाचे ठोसे हवेत गेले आणि आर्वीचा उजवा तिच्या गालफडावर असा बसला की दिवे क्षणभर पिवळे झाले. फेरी आर्वीची झाली. बरोबरी झाली.

कोपऱ्यात तायडे सरांनी तिच्या तोंडावर पाणी मारलं.  "कोणी उरली का वं?"

करुणा धापा टाकत होती. सहा देशांतल्या सगळ्या बायका तिने मनात उलगडून पाहिल्या. उझबेक, आयरिश, सगळ्यांना ताकद लागत होती, आणि ती संपली होती. अशी कोणीतरी हवी होती, जिची ढब तिच्या अंगात इतकी मुरली आहे की तिला काही करावंच लागू नये. आणि मग तिला हसू आलं. पाच वर्षं रोज सकाळी जिच्यासमोर पॅड धरून उभी राहिले, ती तर समोरच्याच कोपऱ्यात बसलीय.

"एक उरली हाये, सर."

तिसऱ्या फेरीत करुणा उतरली ती आर्वी होऊन. आजची नव्हे, सोळा वर्षांची आर्वी. ती मुलगी लंगडी खेळत वाढली होती. उजवा मारायच्या आधी डाव्या पायावर एक बारीकशी उडी घ्यायची आणि डावा हात वेंधळ्यासारखा कमरेपर्यंत खाली सोडायची. शिबिरातल्या कोचनी आणि यंत्राने मिळून तिची ही खोड घासून पुसून काढली होती. आता तीच उडी, तोच लोंबता हात घेऊन अडतीस वर्षांची बाई तिच्याकडे येत होती.

आर्वीच्या कानामागे काहीतरी वाजलं. तिला ते ऐकूच आलं नाही. ती पाहत राहिली. टिनाची शेड, सकाळचं ऊन, "हात वर घे वं पोट्टे" म्हणून पाठीत बसणारी थाप, हे सगळं तिच्यासमोर चालत येत होतं. ती थबकली ती एका श्वासापुरती. करुणाचा उजवा तिच्या कपाळावर येऊन बसला, त्यामागोमाग डावाही.

आर्वीने एक पाऊल मागे घेतलं आणि आपल्याच कोपऱ्याकडे पाहून ओरडली, "बंद करा थे!" गुणगुणी बंद झाली. मग ती हसली. रक्ताळलेल्या दातपट्टीतून दिसलेलं ते हसू करुणाला आयुष्यभर पुरेल असं होतं. त्यानंतरची लढत ज्यांनी पाहिली ते अजून तिच्याबद्दल बोलतात. कोणाच्याही कानात कोणी बोलत नव्हतं. आर्वी तरुण होती, वेगवान होती, पण ती जे जे करणार होती ते समोरच्या बाईच्या अंगाला आधीच माहीत होतं, कारण क्षणभरापूर्वी ती बाई तीच होती. आर्वीचा हात सुटायचा आणि करुणाचं डोकं तिथे नसायचं. शेवटच्या घंटेला दोघी एकमेकींच्या खांद्यावर टेकल्या होत्या, कोण कोणाला धरून उभं आहे ते कळत नव्हतं.

पाचपैकी तीन परीक्षकांनी निळ्या कोपऱ्याला कौल दिला.

पंचांनी हात वर केला तेव्हा करुणाने आधी सरांकडे पाहिलं. सर डोळे पुसत होते आणि मिटायचं नाव घेत नव्हते. कोणीतरी माइक पुढे केला. गुणगुणीला कसं हरवलं, असं विचारलं.

"मी नाई हरवलं," करुणा म्हणाली. टीव्हीसमोर शुद्ध बोलायचं तिने ठरवलं होतं, पण ते राहून गेलं. "पहिल्या फेरीत पल्लवी डोंगरे खेळली. मंग शबनम शेख, मंग रजनी खंडारे. तिसऱ्या फेरीत आर्वी मोहोड खेळली. मी निस्ती उभी होती. या सगळ्यायचे माह्यावर लय उपकार हायेत. नावं बरोबर लिहून घ्या, बाप्पा."

मूर्तिजापूर डेपोत त्या वेळी एक बस बराच वेळ फलाटावरून हललीच नाही म्हणतात. खरंखोटं शबनमला माहीत.

कपडे बदलायच्या खोलीत करुणा बाकावर बसून हातावरच्या पट्ट्या सोडत होती. आता सारं ओसरल्यावर तिला नवीच भीती वाटायला लागली होती. दोन महिन्यांनी स्पर्धा. तिथे कझाक विजेतीशी गाठ पडणार. गुणगुणीवर आपला भरवसा नाही, पडद्यावरच्या सावलीला मारून आपल्याला काही शिकता येत नाही. आपल्याला समोर माणूस लागतं. आणि तसं उभं राहणारं माणूस देशात एकच होतं, ते म्हणजे आपण.

दार ढकलून आर्वी आत आली. डोळा सुजलेला, केस ओले. ती रडून आली होती, ते लपवायच्या फंदात पडली नव्हती. करुणाच्या पाया पडायला वाकली, तर करुणाने तिला खांद्याला धरून वरच्यावर उचललं.

"हारली म्हणून वाईट वाटून राह्यलं ना?"

"वाटून राह्यलं ना. लय वाटून राह्यलं," आर्वी म्हणाली. "पण मी थे इसरली होती, ताई. थे उडी. मले वाटलं, थे पोट्टी कुठी गेली कोणास ठाऊक. तुमी ठेवून दिली होती."

 करुणाने सुटलेली पट्टी उगाच पुन्हा गुंडाळायला घेतली.

आर्वी नाक पुसून दोन पावलं मागे सरकली. "थे कझाकवाली हाये ना, उंच, थे मी दोनदा खेळली हाये तिच्यासंग. एकडाव हारली, एकडाव जिंकली. यंत्रातलं मले नाई मालूम, पण अंगात बसली हाये माह्या." ती लाजली. "मले तुमच्यासारखं नाई जमत. हसजा नका."

असं म्हणून तिने बाकांच्या मधल्या जागेत वजन मागच्या पायावर घेतलं, मान जराशी तिरपी केली, हनुवटी खांद्यात दडवली. नक्कल कच्ची होती. कंबर चुकली होती, श्वास तर पार चुकला होता. पण त्या चुकांच्या मधून कुठूनतरी एक परकी, उंच मुलगी त्या खोलीत येऊन उभी राहिली होती.

वीस वर्षं करुणा सगळ्यांसाठी कोणी ना कोणी होऊन उभी राहिली होती. तिच्यासाठी कोणीतरी असं उभं राहायची ही पहिलीच वेळ होती. तिने डोळे पुसले, अर्धवट गुंडाळलेल्या मुठी वर घेतल्या आणि म्हणाली, "कंबर ढिली सोड. हां. आता ये."